वारा विचारणारी बाई

खोली बघायला येणारी बाई आधी पाणी विचारते. नळाला किती वेळ येतं, बोअर आहे का, उन्हाळ्यात हाल होतात का. लग्न होऊन पेणहून रोह्याला आल्यापासून मी आमच्या परसातल्या चार खोल्यांचे भाडेकरू बघत आले आहे. बिहारचे, झारखंडचे, नेपाळकडचे, आपल्या लातूर-सोलापूरचेही. नवरे कंपनीत कंत्राटावर, बायका खोलीत. प्रत्येकीने पहिल्यांदा पाणीच विचारलं होतं. हिने वारा विचारला.

ती ओडिशाची होती. अठ्ठावीस-तीस वर्षांची, सावळी, भांगात लांबवर सिंदूर, कडेवर वर्षाची मुलगी आणि पदराला धरून सहा वर्षांची दुसरी. नवरा ओटीवर सासूबाईंशी बोलत होता. ही अंगणाच्या मधोमध उभी राहिली, पदराचं टोक दोन बोटांत धरून हात वर केला आणि ते टोक कुठे हलतंय ते बघत राहिली. मग मला म्हणाली, "भाभी, इधर हवा किधर से आता है?"

मला सांगता येईना. चौदा वर्षं त्याच अंगणात मी कपडे वाळत घालत होते. उत्तर दिलं सासूबाईंनी. त्यांचं माहेर खाडीकडचं, मिठागरावर राबणाऱ्या लोकांचं. वारा त्यांना बसल्या जागी कळायचा.

"सकालचा डोंगराकडचा, दुपारपासून खाडीकडचा. पावसात पुरा खाडीकडचाच. का गो, पतंग उडवायचाय व्हय?"

मी तिला हिंदीतून समजावलं. तिने डोंगराकडे पाहिलं. आमच्या घरापासून दहा-बारा शेतं सोडली की तिकडे कंपन्यांचा पट्टा सुरू होतो. टाक्या, पाइप, चिमण्या, आणि त्यांच्या मागे डोंगर.

"मतलब सुबह में कंपनी का हवा इधर," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे बघितलं. त्याला दुसऱ्याच दिवशी शिफ्टला लागायचं होतं, सामान बाहेर टेंपोत होतं. त्यांनी खोली घेतली.

सासूबाई मला म्हणाल्या, "बाय जरा येडीच दिसते."

सुरुवातीचे महिने तिला अवघड गेले. दुकानात काही मागायचं म्हणजे बोट दाखवायचं. वाडीतल्या बायका तिला ओरिसावाली म्हणत, तिच्या तोंडावरही. तिच्याकडे रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवत आणि सकाळी कांदा, मिरची आणि तळलेल्या सुकटीबरोबर तोच खात. पहिल्यांदा ते पाहून शेजारच्या काकींनी नाक मुरडलं. चार दिवसांनी मी बघितलं तर सासूबाई तिच्या खोलीच्या उंबऱ्यात बसून त्याच वाडग्यातला भात खात होत्या.

"आमी पन असाच खायचो, बाबा मिठागरावर जायच्या आदी," त्या म्हणाल्या. "तुमी पेनवाले काय जानार."

तेव्हापासून ती त्यांना आई म्हणायला लागली आणि मला वहिनी. मराठी ती सासूबाईंकडून शिकली, त्यामुळे तिचं मराठी थेट खाडीकडचं झालं. 'नाय', 'व्हय', 'कुठं चाललीस गो?' मोठ्या मुलीला जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं. सहा महिन्यांत ती पोर आईच्या चुका काढू लागली.

वैशाख सरता सरता एक गोष्ट झाली. वटपौर्णिमेच्या पंधरा दिवस आधी, अमावास्येला, ही सकाळपासून उपाशी. नवी साडी, हातभर बांगड्या, पाटावर आंबे, फणसाचे गरे, केळी मांडलेली. विचारलं तर म्हणाली, आमच्याकडे सावित्रीचं व्रत आज असतं. पंधरा दिवसांनी आम्ही वडाला सूत गुंडाळायला निघालो तर ही पुन्हा उपाशी, पुन्हा नटलेली, आमच्याबरोबर यायला तयार.

शेजारच्या काकी खळखळून हसल्या. "एका नवऱ्याला दोन उपास? डबल विमा काढलास काय गो?"

सगळ्या हसल्या. तीही हसली. पण वडाला फेऱ्या घालताना मी तिच्या मागे होते आणि वळताना तिचा चेहरा मला दिसत होता. आम्ही बाकीच्या गप्पा मारत फिरत होतो. ती प्रत्येक फेरीला डोंगराकडे तोंड आलं की डोळे मिटून घेत होती.

त्या उन्हाळ्यापासूनच ती माझ्याकडे पापड लाटायला येऊ लागली होती. पेणची मुलगी म्हणून मी पोह्याच्या पापडांचं काम सासरी आणलं होतं. फाल्गुनापासून पाऊस येईपर्यंत आमच्या ओटीवर पाच-सहा बायका पोळपाट घेऊन बसत. तिचा हात हलका होता. दुसऱ्या वर्षी एका दुपारी बाकीच्या उठून गेल्यावर आम्ही दोघीच उरलो, आणि मी तिला विचारलं की पहिल्या दिवशी वारा कशाला विचारलास.

लाटणं न थांबवता तिने सांगितलं. ती ओटीवर बसून बोलत होती आणि ऊन उतरत होतं, एवढं मला आठवतं. त्याआधी ते गुजरातेत एका कारखान्यांच्या वस्तीत राहत होते. ती, नवरा, मोठा दीर आणि जाऊ. एका सकाळी गॅस सुटला. गल्लीतले सगळे घराबाहेर पडले आणि रस्त्याने पळाले, कारण माणूस घाबरला की रस्त्यानेच पळतो. गॅसही रस्त्यानेच आला. तो जड होता, सखल भागातून वाहत होता आणि वारा त्याच दिशेचा होता. ती मुलीला घेऊन मागे राहिली होती, कारण मुलीची चप्पल सापडत नव्हती. जाऊ पुढे गेली. तिला सातवा महिना होता.

"चप्पल नाय मिळाली म्हणून मी हाय, वहिनी," ती म्हणाली आणि लाटी घेतली.

त्यानंतर तिच्या काही गोष्टींचा अर्थ मला लागला. तिच्या दाराशी कायम पाण्याची बादली आणि त्यात दोन टॉवेल भिजत असत. आठवड्यातून एकदा ती दोन्ही मुलींना घेऊन घरामागच्या कुंपणाच्या फटीतून शेतात उतरायची आणि बांधांवरून उत्तरेला गावदेवीच्या टेकाडापर्यंत झपाझप चालत जायची. वर पोचल्यावर थोडा वेळ बसायचं आणि परत यायचं. आमच्या घरासमोरचा रस्ता ओहोळाला धरून सखलातून जातो. तो तिने पहिल्याच दिवशी नापास केला होता. पोरीला ती घोकून घेई, "रस्ता नाय, शेत. खाली नाय, वर."

"पावसात काय करनार?" ती मला एकदा म्हणाली. "चिखलात पाय रुतेल."

सासूबाईंना ही गोष्ट कळली तेव्हा त्या भडकल्या. "आमच्या दारात मरनाची तालीम घेतेस व्हय? पोरींना काय शिकवतेस ह्ये? तिन्हीसांजेला असलं बोलू नये." वाडीत कुजबुज सुरू झाली की ओरिसावालीचा पाय चांगला नाही. ती आल्यापासून कोणाची गाय आटली, कोणाच्या पोराला कावीळ झाली. हळदीकुंकवाला तिला बोलवायचे, पण वाण देताना काही जणी हात लांब ठेवू लागल्या.

आणि मी काय केलं? मी तिची समजूत काढली. वास येतो हे मलाही माहीत होतं. कधी सडक्या अंड्यासारखा, कधी गोडसर, कधी घसा खवखवेल असा. कुंपणाजवळच्या शेवग्याची पानं एका बाजूने करपायची, कंपनीकडच्या बाजूने. बायकांच्या पायातली चांदीची जोडवी काळी पडायची. आम्ही ती चिंचेने घासून पुन्हा घालायचो. तिने एकदा आपला पाय पुढे करून मला दाखवला. आदल्या आठवड्यात घासलेली जोडवी शाईत बुडवल्यासारखी झाली होती.

मी नवऱ्याला विचारलं. तो दुसऱ्या एका कंपनीत स्टोअरला आहे, कायम नोकरीत. "सल्फर असतं हवेत," तो म्हणाला. "त्याने चांदी काळी पडते. माणसाला काही होत नाही. इतकी वर्षं आपण जिवंत आहोत ना?"

मी तिला तेच सांगितलं आणि वर म्हणाले, "इतका विचार करू नकोस. होईल सवय."

तिला सवय झाली. तिसऱ्या वर्षी दाराशी बादली होती, पण तिच्यात मुलींचे गणवेश भिजत. टॉवेल दोरीवर. मोठी मुलगी नऊ वर्षांची झाली होती. वर्गातल्या मुली तिला 'पळपुटी' म्हणून चिडवत, म्हणून तिने एक दिवस टेकाडावर जायला साफ नकार दिला. "आई, सगळे हसतात. तुझ्या एकटीलाच भीती वाटते." हिने फार ताणलं नाही. मंगळसूत्रात काळे मणी ओवून घेतले होते, गणपतीत आमच्याबरोबर उकडीचे मोदक वळत होती, धाकटी तर मराठीशिवाय दुसरं बोलत नव्हती. सकाळी वास आला की आता तीही आमच्यासारखीच म्हणायची, "आज जरा जास्तीच हाय, नाय?" आणि कामाला लागायची. काकी तिला म्हणाल्या, "आता शोभतेस गो इथली." ती खूश झाली.

भीती मला वाटू लागली. कधीपासून ते सांगता येत नाही. सकाळी उठले की मी आधी कपड्यांच्या दोरीकडे बघायची, कुठला पदर कुठे हलतोय. शेवग्याची पानं मोजावीत तशी बघायची. एकदा तिचा नवरा शिफ्टवरून आला आणि नळावर तोंड धुताना सहज म्हणाला की त्यांच्या विभागातलं गॅस दाखवणारं मीटर बंद पडलंय, वर कळवलंय, नवीन येईल. महिन्याभराने मी विचारलं, आलं का? तो म्हणाला, येईल. त्याच्या बोटांच्या पेरांवरची कातडी पिवळी झाली होती आणि जेवताना तो मध्येच थांबून श्वास घ्यायचा. मी हे तिला बोलले. ती म्हणाली, "वहिनी, तुमी आता माझ्यासारख्या झाल्या."

ती चैत्रातली सकाळ. साडेनऊ वाजले असतील. शाळा सकाळची होती, मोठी मुलगी शाळेत. धाकटी आमच्या ओटीवर लाट्यांशी खेळत होती. पुरुष सगळे कामावर. सासूबाई आत गुडघ्यांना तेल लावून पडल्या होत्या. ओटीवर आम्ही पाच जणी, त्यात शेजारच्या काकी. अंगणात प्लॅस्टिकवर कालचे पापड उन्हात घातलेले. ओडिशावालीचा फोन माझ्या स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता, कारण तिच्या खोलीतलं बटण दोन दिवसांपासून बिघडलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

वास आला. रोजच्यासारखाच आला, म्हणून कोणी मान वर केली नाही. मग तो बदलला. तिखट झाला, भाजलेल्या मिरचीसारखा, पण मिरचीचा ठसका नाही. नाकाच्या आत थंड काहीतरी चढत गेलं.

मी म्हणाले, "हा वास वेगळा आहे."

तिने हसून माझ्याकडे पाहिलं. "होईल सवय, वहिनी." माझेच शब्द, माझ्याच सुरात. सगळ्या हसल्या.

कंपनीचा धोक्याचा भोंगा झाला नाही. नंतर सगळ्यांनी हेच सांगितलं, भोंगा झालाच नाही. अंगणात आमची कोंबडी पापडांभोवती फिरत होती, ती खाली बसली. झोपल्यासारखी मान वाकडी करून बसली. मी तिच्याकडे बघत होते तोवर डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ओहोळाच्या बाजूने धुक्यासारखं काहीतरी येत होतं, कमरेइतकं उंच, पांढुरकं, अगदी संथ. उन्हात धुकं.

काकी उठल्या. "चला, चला, रस्त्याला चला, रिक्षा मिळेल," म्हणत त्या निघाल्या. दोघी त्यांच्या मागे धावल्या.

ओडिशावाली उभी होती. हातात लाटणं, तोंड उघडं, आणि पाय हलत नव्हते. तीन वर्षांपूर्वी जिने अंगणात पाऊल टाकताच वारा मोजला होता, ती बाई पोळपाटाशेजारी खांबासारखी उभी. मी तिचा दंड धरून हलवला. "शेत! शेत ना गो? वर ना?" मी ओरडले. तेव्हा तिच्या डोळ्यांत काहीतरी परत आलं. तिने लाटणं टाकलं, रस्त्याकडे तोंड करून बेंबीच्या देठापासून हाक मारली, "काकी, रस्ता नाय! रस्ता नाय!" काकींनी वळून पाहिलं. हातानेच 'तू ये' अशी खूण केली आणि त्या पुढे गेल्या.

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं असेल. तिने दोरीवरची ओढणी माठात बुडवून धाकटीच्या तोंडावर गुंडाळली आणि पोर माझ्या हातात दिली. "तुमी चला. मी आईला आनते." मी म्हणाले, मी आणते. तिने मला ढकललं. सासूबाई जाडजूड बाई, गुडघ्यांमुळे धड चालता येत नसे. मी कुंपणाच्या फटीतून शेतात उतरले आणि मागे पाहिलं तर ती त्यांना पाठीवर घेऊन येत होती. सासूबाईंचे पाय जमिनीवर घासत होते. तोंडावर ओला पदर. भात कापून गेलेली शेतं, भेगाळलेली, टणक, पायाला खुंट टोचत होते. धाकटी माझ्या खांद्यावर खोकत होती. मागे बघायचं नाही असं ठरवूनही मी बघत होते. ते पांढरं धुकं पाण्यासारखं आमच्या अंगणात शिरलं होतं.

अर्ध्या वाटेत तिला शाळा आठवली. सासूबाईंना तिने बांधावर बसवलं आणि शाळेच्या दिशेने वळली. शाळेकडे जायचं म्हणजे पुन्हा खाली उतरून रस्त्याला लागायचं. मी तिचा पदर धरला. ती माझ्या हाताला चावली. खरंच चावली, तो व्रण आठवडाभर होता. मी सोडला नाही. "शाळा वरच्या अंगाला आहे, तिकडे वारा नाही," मी पुन्हा पुन्हा सांगत होते. मला ते खात्रीने माहीत नव्हतं.

शेवटी दोघींनी मिळून सासूबाईंना टेकाडावर चढवलं. गावदेवीच्या देवळाच्या पायरीवर मोठी मुलगी बसली होती. एकटी. पायात चपला नाहीत, तळवे रक्ताळलेले. वर्गात वास येताच ती कोणाला न विचारता खिडकीतून उडी मारून निघाली होती. गुरुजी तिला शोधत होते. शाळेपर्यंत गॅस पोचलाच नाही, हे नंतर कळलं. आईला पाहून ती उठली नाही. फक्त म्हणाली, "रस्त्याने नाय आले."

दुपारी खाडीकडचा वारा सुटला आणि सगळं डोंगराकडे परत गेलं.

रस्त्याने गेलेल्या दोघी वाचल्या, पण महिनाभर त्यांना बोलता येत नव्हतं. काकी ओहोळाच्या पुलाजवळ सापडल्या. त्यांना अलिबागला हलवलं. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. ओडिशावालीचा नवरा गॅस सुटला त्या विभागातच होता. व्हॉल्व्ह बंद करायला तो दोनदा आत गेला होता, असं त्याच्याबरोबरच्या माणसाने सांगितलं. तो जगला. पण फुप्फुसं जळली होती. घरी आणल्यावर खाटेवरून मोरीपर्यंत जाताना त्याला मध्ये एकदा बसावं लागायचं.

मला वाटलं होतं, आता वाडी तिच्या पाया पडेल. तिने एका म्हातारीला पाठीवर वाहून आणलं होतं. पण काकींच्या घरी भेटायला बायका जमल्या तेव्हा तिथे वेगळंच शिजत होतं.

"हिला कसं ठाऊक, कुठं पळायचं ते?"

"नवऱ्याने फोन केला असनार. त्याच्याच हातून झालं म्हनतात."

"स्वतःची पोरं घेऊन शेतात, आनी काकींना रस्त्याला जाऊ दिलं."

मी तिथे बसले होते. तिने काकींना मारलेली हाक माझ्या कानात होती आणि तिचा फोन माझ्या स्वयंपाकघरात होता. मी काही बोलले नाही. नुकतंच मरण झालेल्या घरात वाद नको, असं मी स्वतःला सांगितलं.

दोन दिवसांनी चौकशीसाठी एक साहेब जबाब घ्यायला आले. ओटीवरच बसले. त्यांनी विचारलं, त्या बाईला आधी काही कळलं होतं का, फोन वगैरे? माझा नवरा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं. तो धमकावत नव्हता. थकलेल्या, विनवणाऱ्या डोळ्यांनी बघत होता. कंपनीला दोष कामगारावर ढकलायचा होता, आणि पट्ट्यातल्या कंपन्यांचे लोक एकमेकांना ओळखतात. आमचा मुलगा कॉलेजात होता, घर तिथेच होतं. मी म्हणाले, "गडबडीत काही लक्षात नाही."

साहेबांनी ते लिहून घेतलं. ती आपल्या खोलीच्या दारात उभी होती. तिला मराठी सगळं कळत होतं.

त्या दिवसापासून तिने मला हाक मारली नाही. समोर आली तर बाजूला व्हायची, मोठ्या माणसाला वाट द्यावी तशी. सासूबाई आठवडाभर घोगऱ्या आवाजात घरात आदळआपट करत होत्या. मी जेवण वाढायला गेले तर ताट सरकवून म्हणाल्या, "माज्या छातीखाली तिच्या पाठीचं हाड होतं गो. तुजं नवतं."

काकींच्या तेराव्याला मी उठून उभी राहिले. भरल्या घरात, पानं मांडलेली असताना. मी म्हणाले, तिचा फोन माझ्याकडे चार्जिंगला होता, तिला कोणाचा फोन आला नाही. तिने काकींना ओरडून थांबवलं होतं, मी शेजारी उभी होते. आणि जबाबात मी खोटं सांगितलं, ते मी उद्या जाऊन बदलणार आहे. काकींची सून माझ्याकडे बघत राहिली. मग कोणीतरी म्हणालं, "वाढायला घ्या," आणि वाढायला घेतलं.

मी जबाब बदलला. त्याचा काय उपयोग झाला ते मला सांगता येणार नाही. नवऱ्याची नोकरी गेली नाही. ज्याची मला भीती होती त्यातलं काहीच झालं नाही, आणि याचीच मला जास्त लाज वाटते. कंपनीने टाक्यांना नवा रंग दिला आणि पावसाच्या आधी काम पुन्हा सुरू झालं.

तोवर ओडिशावालीच्या घरच्यांनी सामान बांधलं होतं. गावी परत जायचं तर नवऱ्याला तेवढा प्रवास झेपण्यासारखा नव्हता. मी पेणला आईकडे गेले. माझी आई आयुष्यभर गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करत आली. तिने तिथे हिच्या कामासाठी शब्द टाकला, आणि घराजवळ दोन खोल्या शोधल्या. मग मी परत येऊन ओडिशावालीच्या दारात उभी राहिले आणि सांगितलं. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. तिने विचारलं, "तिथं कंपनी हाय?"

"नाही. जवळ नाही."

"मग जाऊ." माफी मी मागितली, ती तिने ऐकून घेतली. बरं म्हणाली नाही आणि नाही असंही म्हणाली नाही.

याला आता दोन वर्षं झाली. तिच्या हलक्या हाताने सोंडेवरची बारीक नक्षी सुंदर उतरते, असं आई सांगते. मोठी मुलगी पेणच्या शाळेत आहे आणि वर्गात पुढे आहे. नवरा दारात खुर्ची टाकून बसतो, पावसाळ्यात त्याला फार त्रास होतो. वडाला ती आता माझ्या आईबरोबर जाते. अमावास्येचा उपासही तिने सोडलेला नाही.

गेल्या महिन्यात मी पेणला गेले तेव्हा ती मला स्टेशनवर सोडायला आली. हे तिने पहिल्यांदाच केलं. रोह्याच्या गाडीला वेळ होता, आम्ही बाकावर बसलो. सासूबाईंच्या तब्येतीचं तिने विचारलं. खोकला थांबत नाही, मी म्हणाले. खोल्या भरल्यात का, विचारलं. भरल्यात, मी म्हणाले, दोन घरांत लहान मुलं आहेत.

तिने बाकावरची माझी पिशवी जवळ ओढली. मग म्हणाली, "तुमी कधी निघनार तिथून?"

मी म्हणाले, आमचं घर आहे तिथे. शेत आहे. ह्यांच्या नोकरीची आठ वर्षं राहिलीत. सासूबाई दुसरीकडे राहणार नाहीत. हे सगळं मी एका दमात म्हणाले, पाठ असल्यासारखं.

"माजं पन घर होतं," ती म्हणाली. "पहिलं. मग दुसरं."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती मला शिकवत होती, जसं मी तिला कधी काळी पापडाची लाटी किती मोठी घ्यायची ते शिकवलं होतं. गाडी आली. तिने माझी पिशवी उचलून आत दिली आणि खिडकीशी उभी राहिली. "पावसाच्या आदी विचार करा, वहिनी," ती म्हणाली. मी हो म्हणाले. नागोठणं गेलं, तिथल्या कंपन्यांचा वास मागे पडला, तरी मी खिडकीची काच लावूनच बसले होते.